जपान परतला तो दिल्ली-मुंबईमार्गे

दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या जर्मनी आणि जपानला १९४८च्या लंडन ऑलिंपिकला बोलावलं नाही, ते थेट १९५२ला परतले, असं सांगितलं जातं. ऑलिंपिकपुरतं बरोबर. पण जपानच्या बाबतीत दिल्ली आणि मुंबई राहून गेली.

मार्च १९५१मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. जपानवर तेव्हा दोस्त राष्ट्रांचा ताबा होता, शांतता करारावर सह्याही व्हायच्या होत्या. तरी संघ आला आणि २४ सुवर्णपदकं घेऊन पहिला आला. यजमान भारत १५ सुवर्णांसह दुसरा.

मुंबईची गोष्ट तर आणखी मजेदार. फेब्रुवारी १९५२मध्ये इथे टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा झाली. जपान तीत पहिल्यांदाच उतरला होता. हिरोजी सातोच्या बॅटला जाड स्पंज लावलेला. चेंडू लागल्याचा टक्क आवाजच येईना, त्यामुळे फटक्याचा अंदाज घेणं कठीण. भलेभले गांगरले, सातो विश्वविजेता! सातपैकी चार विजेतेपदं जपानची. हरलेल्या देशाला नुसतं खेळू द्यायचं ठरलं, तर त्याने खेळच बदलून टाकला.

जर्मनीची वाट मात्र वेगळी. १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये झारलँडचा (तेव्हा फ्रान्सच्या अखत्यारीतला जर्मन प्रदेश) संघ स्वतंत्र उतरला होता, आणि पूर्व जर्मनीचे खेळाडू नव्हतेच.