अनुभव धागा: माद्रिदला शिकताना एका दिवसाचं तोलेदो

चाफेकळी
मंडळी, माद्रिदमध्ये सेमिस्टर काढलं आणि तोलेदोला गेला नाही, असा विद्यार्थी मला अजून भेटायचाय. आतोचा स्टेशनवरून वेगवान गाडी अर्ध्या तासात पोचवते. शनिवारी सकाळी निघायचं, रात्री खोलीवर परत. फोटोही सगळ्यांचे तेच: तीन बाजूंनी ताखो नदी, डोक्यावर अल्कासारचा किल्ला, संध्याकाळचं ऊन. ते राहू द्या. तिथे तुमचा पाय कशापाशी अडला, डोकं कशाने फिरलं, काय खाल्लंत, ते लिहा.

सुरुवात मीच करते. आमच्या कला-इतिहासाच्या बाईंनी स्टेशनवर उतरताच बजावलं, 'तीन संस्कृतींचं शहर' (मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती) हे माहितीपत्रकातलं वाक्य आज माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही. का, ते जुन्या ज्यू मोहल्ल्यात कळलं. सांता मारिया ला ब्लांकामध्ये शिरलं की पांढऱ्याशुभ्र, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानींच्या रांगाच रांगा. मशिदीत आल्यासारखं वाटतं. पण ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ होतं, राज्य ख्रिस्ती राजाचं होतं, आणि आजचं नाव मेरीचं. ते नाव कसं पडलं, हे मात्र पत्रकात एका ओळीत उरकलेलं. १३९१ च्या दंगलींत ज्यू वस्त्या लुटल्या गेल्या, पुढच्या शतकाच्या सुरुवातीला हे सिनागॉग चर्च झालं आणि १४९२ मध्ये उरलेल्या ज्यूंना देशच सोडायला लावला.

त्यानंतर सिनागोगा देल त्रान्सितो. हे १३५७ च्या सुमाराचं. राजा पेद्रोचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने बांधलेलं. मान वर करून बघा: भिंतीच्या वरच्या भागात चुन्याच्या नक्षीत हिब्रू अक्षरांच्या ओळी, मध्येच अरबी, आणि त्यांच्याच शेजारी किल्ला-सिंहाची कास्तील राज्याची राजमुद्रा. राजाची स्तुती कोरून ठेवणाऱ्या या खजिनदाराला त्याच राजाने काही वर्षांत कैद केलं, छळ केला, त्यातच तो मेला. बाई एवढं सांगून गप्प बसल्या आणि आम्हाला वीस मिनिटं स्केच काढायला लावलं. माझं स्केच भिकार आलं, पण ती भिंत अजून पाठ आहे.

गणोबा
मी गणितवाला, मला चर्च-बिर्चमध्ये फार गती नाही. मी गेलो तो एका माणसासाठी. साईद अल-अंदलूसी. अकराव्या शतकात तोलेदोचा काझी होता. कोणकोणत्या लोकांनी ज्ञानविज्ञानात काय केलं याचा आढावा त्याने १०६८ मध्ये लिहिला आणि त्यात पहिला मान हिंदुस्थानाला दिला. आपली अंकपद्धती, ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतून अरबीत गेलेलं 'सिंदहिंद' हे खगोलगणित, सगळ्याची नोंद आहे. हा माणूस हिंदुस्थानात कधी आलेला नाही. त्याच काळात तोलेदोतच अल-झरकाली ग्रहांची गणितं करत होता.

पुढे १०८५ मध्ये शहर ख्रिस्ती राजा आल्फोन्सो सहावा याच्या ताब्यात गेलं. ग्रंथ मात्र राहिले, आणि युरोपातून माणसं ते लॅटिनमध्ये न्यायला येऊ लागली. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट' या खगोलग्रंथासाठी आला, अरबी शिकला आणि तिथेच राहून ढीगभर ग्रंथ उतरवून गेला. माझा रूममेट इटालियन, त्यामुळे दिवसभर 'आमचा जेरार्ड, आमचा जेरार्ड'. मी म्हटलं, अंक कुणाचे? तेव्हा गप्प.

एक सूचना. 'भाषांतरकारांची शाळा' शोधत गल्ल्या तुडवू नका. तेव्हाची तशी एक इमारत नव्हतीच, कॅथीड्रलच्या आश्रयाने चाललेलं ते काम होतं.

मधली सुट्टी
शाकाहाऱ्यांसाठी: 'पिस्तो' मागा. टोमॅटो, झुकिनी, सिमला मिरची मंद आचेवर शिजवलेली भाजी. वरचं अंडं नको असेल तर आधीच सांगा. मांचेगो चीज मेंढीच्या दुधाचं, पण त्यात बहुधा प्राणिजन्य रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. 'कार्कामुसास' हे गोड नाव ऐकून फसू नका, ते डुकराचं मटण आहे. आणि मार्झिपान मठातल्या नन्सकडूनच घ्या. काही मठांत नन दिसत नाही, भिंतीतल्या फिरत्या लाकडी कप्प्यात पैसे ठेवायचे, कप्पा फिरतो, डबा येतो. बदाम आणि साखर, संपला विषय.

खटलेबाज
सान्तो तोमे चर्चमधलं एल ग्रेकोचं 'ओर्गासच्या सरदाराचं दफन' सगळे बघतात. ते चित्र निघालं एका कोर्टकज्ज्यातून, हे आमच्या गाइडने सांगितलंच नाही! ओर्गासचा हा सरदार १३२३ मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं की गावाने दरवर्षी या चर्चला मेंढे, कोंबड्या, वाइन, सरपण आणि रोख रक्कम द्यावी. दोनशेहून अधिक वर्षांनी गावकऱ्यांनी हात वर केले. चर्चच्या पाद्रीने दावा लावला आणि १५६९ मध्ये जिंकला. मग, गाव पुन्हा विसरू नये म्हणून की काय, १५८६ मध्ये हे अवाढव्य चित्र एल ग्रेकोला काढायला सांगितलं. मजा म्हणजे चित्र झाल्यावर त्याच्या किमतीवरून चर्च आणि चित्रकार यांच्यात जुंपली. हक्काचे वाद आणि वसुली, आपल्या वतनांच्या कागदपत्रांत शोभेल असं प्रकरण.

गर्दीत रेटारेटी असते, तरी खाली डाव्या बाजूचा मुलगा बघाच. तो चित्रकाराचा मुलगा. त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर ग्रीक अक्षरांत सही आणि १५७८ हे साल आहे. ते चित्राचं नव्हे, पोराच्या जन्माचं.

उदगीरकरीण
तलवारींच्या दुकानांना मी नाक मुरडत होते, पण एका छोट्या कारखान्यात दमास्किनादोचं काम चाललेलं दिसलं आणि तिथेच खिळले. पोलादी चकतीवर आधी पात्याने आडव्याउभ्या बारीक रेघा ओढून पृष्ठभाग खरबरीत करतात, मग सोन्याची केसासारखी तार त्यावर बसवून हलक्या हाताने ठोकत जातात. शेवटी गरम क्षारांच्या द्रावणात बुडवलं की पोलाद काळं पडतं, सोनं तसंच राहतं. आमच्या शेजारी बिदर. तिथल्या बिदरी कामात जस्ताचा मिश्रधातू आणि चांदी, काळा रंग येतो तो किल्ल्यातल्या मातीने. धातू वेगळे, रीत वेगळी, पण कारागिराची पोक काढून बसायची तऱ्हा मला ओळखीची वाटली. बाहेरच्या दुकानांतला स्वस्त माल बहुतेक यंत्राने छापलेला असतो. भिंग मागा, रेघा एकसारख्या दिसल्या तर सोडून द्या.

गणोबा
@उदगीरकरीण, भवानी तलवार तोलेदोची होती म्हणे?

चाफेकळी
गणोबा, नको. मराठ्यांकडे युरोपीय पात्याच्या तलवारी होत्या आणि त्यांना 'फिरंग' म्हणत, एवढ्यावर थांबू या. नाहीतर या धाग्याचा पानिपत होईल.

पायमोडकी
मला एक दिवसाची सहल हा प्रकारच पटत नाही. संध्याकाळी टोळ्या परतल्या की शहर मोकळं होतं, आणि नेमकी तेव्हाच आपली परतीची गाडी. जमलं तर एक रात्र राहा. आई-बाबांना नेणार असाल तर स्टेशनवरून चढ चढवत नेऊ नका, गोट्यांच्या फरशीवर गुडघे बोलायला लागतात. तटाच्या उत्तरेकडे रेकारेदोचे सरकते जिने आहेत, ते वर सोडतात. बसने यायचं असेल तर माद्रिदच्या प्लासा एलिप्तिकावरून. वेळ दुप्पट, पैसे बरेच कमी. सोमवारी मात्र जाऊ नका, त्रान्सितो आणि एल ग्रेको संग्रहालय दोन्ही बंद असतात. शहरात शिरल्यावर पहिल्याच ठिकाणी मनगटावर बांधायची 'पुल्सेरा', म्हणजे एकत्रित तिकिटाची पट्टी, घ्या. सान्तो तोमे, ला ब्लांका आणि इ.स. ९९९ ची छोटी मशीद, तिन्ही त्यात येतात. कॅथीड्रलचं तिकीट वेगळं.