वणव्याचं सिम्युलेशन: कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

कोयनाकाठ
एमटेक प्रकल्पासाठी कॅलिफोर्नियातल्या ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्याचे (८ नोव्हेंबर २०१८) पहिले सहा तास संगणकावर उभे करायचेत. वारा आणि उतार यांचा परिणाम वेगवेगळा दाखवायचाय. लॅपटॉप १६ जीबी, खर्च शून्य, मुदत दोन महिने.

निखारा
फ्लॅममॅप. फुकट आहे, आग तासागणिक कशी पसरते ते काढणारं फारसाइट त्यातच आलंय. लँडफायरचा (अमेरिकेतला इंधनाचा, म्हणजे जळणाऱ्या झाडोऱ्याचा नकाशा) ३० मीटरचा डेटा घ्या, पण आगीच्या आधीची आवृत्ती. नंतरचीत इंधन जळून गेलेलं असतं, आग खरी पसरली तशी पसरणार नाही.

घाटवारा
डब्ल्यूआरएफ-एसफायरच, हवामान आणि आग एकत्र चालवणारं. त्या दिवशी ईशान्येचा वारा डोंगरावरून खाली कोसळत होता. वातावरणाचे थर धरल्याशिवाय तो सापडत नाही. सर्व्हर भाड्याने घ्या, कंजुषी नको.

निखारा
शून्य खर्च लिहिलंय त्यांनी.

उतरंड
आधी वारा नीट करा, आग मागून. विंडनिंजात (डोंगराळ भागातला वारा काढणारं सॉफ्टवेअर) जार्बो गॅप या जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदी घाला, जाळी १०० मीटर. त्यात गणिताच्या दोन पद्धती (सॉल्व्हर) आहेत: वस्तुमानाचा सॉल्व्हर पटकन संपतो, पण डोंगराच्या आडोशाला चुकतो. संवेगाचा वेळ खातो, तिथे बरा. फारसाइटला २० फुटांवरचा वारा लागतो. १० मीटरवरचा असेल तर १.१५ने भागा. हे राहिलं की आग जास्त धावते आणि लोक उगाच इंधनाचे आकडे बदलत बसतात.

पळसफूल
विंडनिंजा +१. उंचीचा डेटा मात्र १० मीटरचा घ्या, ३०मध्ये घळी बुजतात.

घाटवारा
वाऱ्याची जाळी १०० मीटरची, मग १०चा उपयोग काय?

पळसफूल
उतारासाठी! वाऱ्यासाठी कोण म्हणतंय?

निखारा
एक महत्त्वाचं. लँडफायरमध्ये शहरी भागाला इंधनाचा क्रमांक ९१, म्हणजे न जळणारा. पॅरडाइज गावात आग नकाशावरच्या अशा चौकोनांपाशी अडेल. फारसाइट आगीचा वेग रॉदरमेलच्या १९७२च्या सूत्राने काढतं, त्यात घरं नाहीत, उडत्या ठिणग्याही नाहीत. ठिणग्यांचा पर्याय चालू करा, ९१च्या जागी जळणारं इंधन घालूनही एकदा चालवा. ८५ माणसं गेली त्या आगीत, गाव कोरं ठेवू नका.

उतरंड
आणि उताराचा थर शून्य केला म्हणजे डोंगर वगळला असं नाही. तो वाऱ्यातही शिरलेला असतो. चार वेळा चालवा: उतार असताना-नसताना, वारा सगळीकडे एकसारखा आणि विंडनिंजाचा.

कोयनाकाठ
सगळ्यांचे आभार. वारा विंडनिंजाचाच घेतो, चारही वेळा चालवतो. पण आग पायथनमध्ये स्वतः लिहिणार. रॉदरमेलमध्ये वाऱ्याचा आणि उताराचा गुणक वेगळे आहेत, ते माझ्या हातात हवेत.

निखारा
दोन महिन्यांत? फारसाइट घ्या हो.

उतरंड
लिहाच, तर एका चौकोनातून आग फक्त ८ शेजारी चौकोनांत नेऊन थांबू नका, आग अष्टकोनी होते. १६ घ्या. आधी सपाट जमीन, शून्य वारा, एकच इंधन. जवळपास गोल आला तरच पुढे जा.