सोसायटीच्या गच्चीवर सोलर: ४० किलोवॅटचं कोटेशन आलंय, सभेपुढे नेण्याआधी काय तपासावं?

सचिव_चिंचवड

नमस्कार मंडळी. ३६ फ्लॅटची सोसायटी, चार मजले, बांधकाम २००४ चं. कॉमन मीटर थ्री फेज, मंजूर भार १५ किलोवॅट. लिफ्ट, पंप, जिना आणि पार्किंगचे दिवे मिळून महिन्याला सरासरी १५०० युनिट जातात. एका एजन्सीने ४० किलोवॅटचं कोटेशन दिलंय. त्यांचं म्हणणं, "सबसिडी घरामागे ३ प्रमाणे १०८ किलोवॅटपर्यंत बसते, मग ४० ला का घाबरता?"

गच्ची सगळी धरली तर ३२०० चौरस फूट. पण दक्षिणेच्या अंगाला वॉटर हीटर, मधोमध टाक्या, पश्चिमेला अकरा मजली टॉवर. सभासदांचे आक्षेप तीन: गच्ची गळेल, डीपीवर (गल्लीतल्या रोहित्रावर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर) आणखी सोलर जोडायला जागा नाही म्हणून अर्ज अडकेल, आणि लाइट गेल्यावर लिफ्ट चालणार का? सभेत उभं राहून उत्तरं द्यायची आहेत, म्हणून नेमकं सांगा.

बिलवाचक

४० किलोवॅट विसरा. १०८ ही अनुदानाची कमाल मर्यादा झाली, तुमची गरज नव्हे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. फ्लॅटधारकाला स्वतःच्या मीटरवर मिळणारे कमाल ७८,००० वेगळे. दोन्हींची सरमिसळ करून सभेत आकडे फेकले जातात, ते आधी थांबवा.

आता हिशेब. आपल्याकडे १ किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं. ४० किलोवॅट म्हणजे महिन्याला ४८०० युनिट, तुम्ही वापरणार १५००. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात ओढता येतात, पण ३१ मार्चला खातं बंद होतं. तेव्हा शिल्लक युनिटांना मिळणारा दर तुम्ही भरता त्याच्या जवळपासही नसतो. शिवाय नेट मीटरिंगची (म्हणजे घेतलेल्या विजेतून दिलेली वजा करून बिल येतं त्या जोडणीची) क्षमता मंजूर भाराच्या आत लागते. म्हणजे ४० साठी आधी भार वाढवा, आणि त्याबरोबर स्थिर आकारही वाढवून घ्या.

१५०० युनिटं शून्यावर आणायला साडेबारा किलोवॅट लागेल. तरी मी १० च म्हणेन. घरगुती दराचे टप्पे बघा: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. कॉमन मीटरची हजार युनिटं सगळ्यात महागड्या टप्प्यात बसलेली असतात. १० किलोवॅट महिन्याला साधारण १२०० युनिट कापेल, उरतील ती ३०० स्वस्तातली. शेवटच्या अडीच किलोवॅटला पैसे तेवढेच लागतात, वाचतात मात्र ही स्वस्त युनिटं.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन एप्रिलच्या निम्म्याच्या आसपास येतं, त्या महिन्यांचं बिल बघून कोणी बोंब मारू नये म्हणून हे आधीच सांगून ठेवा. स्थिर आकार कधीच जात नाही. "बिल शून्य" असं कोटेशनवर लिहिलं असेल तर ते खोडायला लावा.

कोबा_आणि_कॉलम

गळतीचा आक्षेप खरा आहे, पण दोष पॅनेलचा नसतो, ड्रिलचा असतो. २००४ ची इमारत म्हणजे गच्चीवर बहुधा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर. त्यात अँकर बोल्ट ठोकले की पाणी विटांच्या तुकड्यांत शिरतं, आडवं पसरतं आणि भलत्याच फ्लॅटमध्ये उतरतं. मग भोक शोधायला अर्धा कोबा उखडावा लागतो. कोटेशनमध्ये "कोब्यात किंवा स्लॅबमध्ये ड्रिलिंग नाही" हे वाक्य घालून घ्या आणि स्ट्रक्चर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभं करा. दीड फूट घनाकार ठोकळ्याचं वजन साधारण २३० किलो भरतं. किती ठोकळे आणि कुठे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं. ते बीम-कॉलमच्या रेषेवर यावेत, स्लॅबच्या मधोमध नकोत. कोबा आधीच तडकला असेल तर वॉटरप्रूफिंग आधी, सोलर नंतर. उलटं केलंत तर दोन वर्षांनी सगळं उतरवायचा खर्च येईल.

५५० वॅटची १८ पॅनेल, प्रत्येकी २८ किलो धरली तरी ५०० किलोच होतात. वजनाची भीती नाही, भीती वाऱ्याची. पुण्यासाठी आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरलाय. खाली कपडे वाळत घालता यावेत म्हणून आठ फूट उंच स्ट्रक्चर मागितलंत की वारा खालून उचलणार, आणि ठोकळे वाढणार. स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्वनाइज्डच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेलंच हवं. साइटवर वेल्डिंग करून वर चंदेरी रंग मारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलावू नका.

१८ पॅनेलना चालायच्या वाटांसह हजारेक चौरस फूट पुरतात. हीटर हलवायची गरज पडू नये. त्यावरून भांडण झालं की ठराव पुढच्या वर्षावर जातो, हे सगळ्या सोसायट्यांत सारखंच.

रोहित्र_६३

डीपीबद्दल. २०१९ च्या राज्य विनियमांनुसार एका रोहित्रावर त्याच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंत सोलर जोडता येतं. २०० केव्हीएच्या डीपीवर १४०. "जागा नाही" असं तोंडी ऐकून गप्प बसू नका. बिलावर डीटीसी म्हणजे रोहित्राचा क्रमांक छापलेला असतो, तो घालून उपविभागाकडे लेखी विचारा की यावर आजवर किती किलोवॅट जोडलंय. मुळात १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागतच नाही, केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीने तो अर्ज मंजूर धरला जातो. त्यावरच्या अर्जाला १५ दिवसांची मुदत आहे. बिलवाचकांनी पैशाच्या अंगाने १० सांगितलं, अर्जाच्या अंगानेही उत्तर तेच.

कागदावर जागा असूनही त्रास होतो तो व्होल्टेजचा, आणि हे कोटेशनवाले सांगत नाहीत. रविवारी दुपारी एकला मीटरवर तिन्ही फेज मोजा. २३० अधिक १० टक्के म्हणजे २५३, त्यावर सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणारं यंत्र) बंद पडतो. तुमच्याकडे आधीच २४८ येत असेल तर स्वच्छ उन्हात, ऐन उत्पादनाच्या वेळी तो ट्रिप होत राहील. तेव्हा डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) बदलून घ्यायला आधी अर्ज द्या. गच्चीपासून मीटर रूमपर्यंतची केबलही यात भर घालते. ४० मीटरला ४ चौरस मिमी तांब्याची केबल टाकली तर पूर्ण भाराला पावणेतीन व्होल्ट चढतात, १० चौरस मिमीला एकच.

टॉवरची सावली: डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातलं ऊन धरून बघा. तेव्हा दुपारी सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते, सकाळी नऊला दुपटीहून लांब. म्हणून टाकीच्या उत्तरेला चिकटून पॅनेल लावू नका. टॉवरची सावली दुपारनंतर जिथे येते ती पॅनेल वेगळ्या स्ट्रिंगवर (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळेवर), इन्व्हर्टरच्या वेगळ्या एमपीपीटीवर (प्रत्येक माळेतून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या भागावर) घ्या. ९-९ च्या दोन स्ट्रिंग करा. एकाच स्ट्रिंगमध्ये सगळी ओढली तर सावलीतली पॅनेल उन्हातल्यांनाही मागे खेचतात.

लाइट गेल्यावर लिफ्ट चालणार नाही. लाइनमनच्या सुरक्षेसाठी साधा, बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिड (वीज कंपनीची लाइन) गेल्यावर काही सेकंदांत बंद होतो. जनरेटर असेल तर सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या (लाइन आणि जनरेटर यांत बदल करणाऱ्या स्विचच्या) मेन्सकडच्या बाजूलाच हवी. लोडच्या बाजूला केली तर जनरेटर सुरू झाल्यावर सोलर त्यालाच ग्रिड समजून त्यात वीज ढकलू लागतं, आणि आल्टरनेटर जातो.

अर्थिंगचे खड्डे तीन: डीसी, एसी आणि लाइटनिंग अरेस्टरचा (पडणाऱ्या विजेपासून वाचवणाऱ्या दांड्याचा) स्वतंत्र. पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे. वेगळ्या कंपन्यांचे बसतात घट्ट, पण आतला संपर्क नीट नसतो, आणि आग बहुतेकदा तिथूनच लागते.

सचिव_चिंचवड

१० वर येतोय मग. हीटर जिथल्या तिथे. अजून एक विचारायचं राहिलं: अनुदान आधी वजा होऊन मिळतं की नंतर?

बिलवाचक

नंतर. यंत्रणा सुरू होऊन तपासणी झाल्यावर साधारण १,८०,००० सोसायटीच्या बँक खात्यात. तोवर पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते, तेव्हा सभेत वर्गणीचा आकडा अनुदान न वजा करता मांडा. पॅनेल डीसीआर म्हणजे भारतीय सेलची हवीत आणि एजन्सी राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेली. स्वस्त कोटेशनात बहुधा बिगर-डीसीआर पॅनेल असतात. डिलिव्हरीला प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक यादीशी ताडून घ्या.

आणि कॉमन मीटरच्या बिलावर नाव कोणाचं आहे? सोसायटीचं की बिल्डरचं?

सचिव_चिंचवड

बघितलं. बिल्डरचंच आहे.

बिलवाचक

मग एजन्सी राहू द्या, पहिलं काम ते. अर्जदाराचं, बँक खात्याचं आणि बिलावरचं नाव एक नसेल तर फाइल पुढे सरकत नाही. नावबदलाला सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभेचा ठराव, पॅन आणि थकबाकी नसलेलं शेवटचं बिल तयार ठेवा. सुरक्षा ठेव बिल्डरच्या नावावर असते, त्यामुळे त्याचं ना-हरकत पत्र मिळालं तर उत्तम, नाहीतर नवी ठेव भरायची तयारी ठेवा. दोन ठराव एकाच सभेत घ्या: एक नावबदलाचा, एक १० किलोवॅटचा. नवीन नावाचं पहिलं बिल हातात आलं की मगच पोर्टलवर नोंदणी करा.

कोबा_आणि_कॉलम

त्याच सभेत स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या फीलाही मंजुरी घ्या.

रोहित्र_६३

आणि गच्चीवर एक नळ. धूळ आणि कबुतरांची घाण धुवायला पाणी लागणारच. बोअरचं नको, क्षारांचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि निघत नाहीत. टाकीचं पाणी, सकाळी सातच्या आत. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते.