‘मंडळी गेली आहे’ की ‘गेली आहेत’? आणि इंग्रजीत कमिटी ‘वॉज’ की ‘वेअर’?

माटोळी :
आमच्या देवस्थान समितीचा वार्षिक अहवाल मराठीत लिहिला जातो आणि परदेशी स्थायिक झालेल्या महाजनांसाठी (म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांसाठी) त्याचा इंग्रजी अनुवाद करण्याचे काम माझ्याकडे आहे. यंदाच्या अहवालात ‘सभामंडपाच्या छपराविषयी समितीचे एकमत होऊ शकले नाही’ असे वाक्य आहे. त्याचे मी ‘द कमिटी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’ असे इंग्रजी केले. अमेरिकेत शिकलेल्या एका महाजनांनी ‘वेअर’ खोडून ‘वॉज’ केले, ‘देअर’च्या जागी ‘इट्स’ घातले आणि समासात ‘समूहवाचक नाम एकवचनीच असते’ अशी नोंद केली. मला शाळेत असे शिकवलेले नव्हते. कोणते रूप ठेवावे, आणि ते का, हे जाणकारांनी सांगावे.

जुना मास्तर :
ताई, त्या महाजनांचा नियम अमेरिकेतला आहे आणि तुमचा ब्रिटनमधला. आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेलेले व्याकरण ब्रिटिश वळणाचे असल्यामुळे त्यात दोन्ही रूपांना जागा आहे. समूह एकजीव मानून बोलायचे असेल तर क्रियापद एकवचनी, आणि समूहातली माणसे सुटी सुटी डोळ्यांसमोर असतील तर अनेकवचनी. समितीने अहवाल सादर केला, हे काम संपूर्ण समितीचे म्हणून ‘द कमिटी हॅज सबमिटेड इट्स रिपोर्ट’. मते मात्र सदस्यांची वेगवेगळी असतात, म्हणून तिथे ‘वेअर’ आणि ‘देअर’. अमेरिकेत अशा जागी सहसा एकवचनच वापरतात, आणि ते फारच खटकू लागले तर ‘समितीचे सदस्य’ असे म्हणून वाट काढतात. क्रिकेटचे समालोचन ऐकणाऱ्यांना ‘इंडिया आर टू हंड्रेड फॉर थ्री’ यात काही वावगे वाटत नाही. अमेरिकन कानाला तेच वाक्य चुकीचे वाटते.

दोन गोष्टी मात्र पक्क्या आहेत. ‘पोलीस’ आणि ‘कॅटल’ या इंग्रजी शब्दांना दोन्ही देशांत अनेकवचनच लागते. ‘द पोलीस हॅज अराइव्ह्ड’ हे आपल्याकडच्या बातम्यांत सर्रास दिसते आणि ते चुकीचेच आहे. दुसरी गोष्ट अशी की एकाच वाक्यात आधी ‘वॉज’ आणि पुढे ‘देअर’ अशी सरमिसळ औपचारिक लेखनात करू नये. अहवाल सर्वत्र एकाच वळणाने लिहावा, मग ते कोणतेही असो.

अनुस्वार :
मास्तरांचे विवेचन पटले, पण ही अडचण केवळ इंग्रजीची आहे असे समजू नये. मराठीत ती झाकली जाते, एवढेच. ‘समितीने ठराव मांडला’, ‘समितीने सूचना मांडली’ या वाक्यांत क्रियापद ठरावाच्या आणि सूचनेच्या मागून जाते. समितीचे वचन कोणते, हा प्रश्नच उद्भवत नाही. आता ‘मंडळी’ हा शब्द घ्या. ‘घरची मंडळी जत्रेला गेली’ इथपर्यंत काहीच कळत नाही, कारण ‘गेली’ हे रूप स्त्रीलिंगी एकवचनाचे आहे तसेच नपुंसकलिंगी अनेकवचनाचेही आहे. पुढे सहायक क्रियापद आले की मात्र माणूस पकडला जातो. आमच्या पेडण्याच्या घरात मी लहानपणापासून ‘मंडळी गेली आहेत’ असेच ऐकत आलो आहे.

शुद्धमती :
लहानपणापासून ऐकले म्हणून एखादा प्रयोग शुद्ध ठरत नाही. ‘मंडळी’ हा ‘मंडली’ या संस्कृत शब्दावरून आलेला स्त्रीलिंगी एकवचनी शब्द आहे. ‘ती मंडळी’, ‘आपली मंडळी’, ‘नाटक मंडळी’. तेव्हा ‘मंडळी गेली आहे’ हेच बरोबर. बोलण्यात ‘आहेत’ येते हे मी नाकारत नाही, पण अहवाल, निमंत्रणपत्रिका आणि पाठ्यपुस्तके यांत हा सैलपणा शिरू देऊ नये. ‘जनता’ शब्दाच्या बाबतीत आपण किती सांभाळून असतो ते पाहा : ‘जनता जागी झाली आहे’ असेच लिहितो, ‘आहेत’ असे कोणीही लिहीत नाही.

अनुस्वार :
‘जनता’चे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. जनतेविषयी लिहिताना आपण ‘तिला तिचे हक्क मिळाले पाहिजेत’ असे म्हणतो. तिथे सर्वनामही एकवचनी असते. आता ‘मंडळी उन्हातून आली, तिला पाणी द्या’ असे कोणत्या घरात म्हणतात ते सांगावे. ‘त्यांना पाणी द्या’ असेच म्हणतात, आणि तुमच्या घरीही तसेच म्हणत असतील. कीर्तनकार ‘ऐका मंडळी’ म्हणतात, ‘ऐक मंडळी’ नव्हे. सर्वनाम अनेकवचनी, आज्ञार्थ अनेकवचनी. मग क्रियापदालाच अडवून का धरावे?

कुळागर :
गोव्यातल्या एका शब्दजोडीची इथे आठवण करून द्यावीशी वाटते. गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या ज्या संस्थेला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद म्हटले गेले, तिला आपण गावकरी म्हणतो, आणि तिच्या घटकांना गावकर. गावकरी स्त्रीलिंगी एकवचनी आहे आणि गावकर अनेकवचनी. ‘गावकरी बसली’ म्हणजे संस्थेची बैठक झाली. ‘गावकर भांडले’ म्हणजे माणसे भांडली. मास्तरांनी सांगितलेला भेद आपल्या जुन्या माणसांनी दोन वेगळ्या शब्दांतच करून ठेवला आहे. घाटावरच्या मराठीत ‘गावकरी’ म्हणजे गावातली माणसे, त्यामुळे तिकडच्या वाचकाला ‘गावकरी बसली’ हे वाक्य चुकीचे वाटेल; ते चुकीचे नाही.

शाळामाऊली :
मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्यापुढचा प्रश्न थोडा निराळा आहे. इंग्रजीच्या एका सराव पुस्तिकेत ‘अ स्कूल ऑफ सार्डिन्स’ याचे मराठी ‘तारल्यांची शाळा’ असे छापलेले आहे, आणि मुले तेच पाठ करत आहेत. योग्य शब्द कोणता?

जुना मास्तर :
‘तारल्यांचा थवा’ म्हणावे. माशांच्या संदर्भातला हा ‘स्कूल’ डच भाषेतून आला आहे आणि त्याचा अर्थ झुंड असा होता. शिकण्याच्या शाळेचा ‘स्कूल’ ग्रीक शब्दावरून लॅटिनमार्गे आला. इंग्रजीतला ‘शोल’ हा त्या डच शब्दाचाच भाऊ आहे. कावळ्यांची शाळा मराठीत भरते, पण तिथे त्यांच्या कलकलाटामुळे आपल्याला खरोखर शाळाच आठवलेली असते.

याच संदर्भात एक सांगावेसे वाटते. कावळ्यांचा ‘मर्डर’, चंडोलांचे ‘एक्झाल्टेशन’ असल्या याद्या इंग्रजीच्या नावाखाली मुलांकडून घोकून घेतल्या जातात. त्यांचे मूळ 1486 साली इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स येथे छापल्या गेलेल्या, सरदारांच्या शिकारीविषयीच्या ग्रंथातल्या यादीत सापडते. त्यांतले ‘प्राइड ऑफ लायन्स’सारखे काही शब्द रुळले, पण बरेचसे त्या काळीही शब्दांची हौसच होती. मुलांना ‘फ्लॉक’, ‘हर्ड’, ‘शोल’ नीट वापरता आले, तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक आहे.

शुद्धमती :
थवा पक्ष्यांचा. माशांची गाथण. मराठी व्याकरणाच्या कोणत्याही शालेय यादीत हेच सापडेल. आणि हा ‘गाथण’ शब्द ‘गाथा’ शब्दाशी संबंधित असल्यामुळे तो जपण्यासारखाही आहे.

अनुस्वार :
गाथा ‘गै’ म्हणजे गाणे या धातूवरून आली. गाथणीचे नाते ‘ग्रथ्’ म्हणजे ओवणे, गुंफणे याच्याशी आहे. ग्रंथ त्याच घरातला. म्हणूनच पाण्यात फिरणाऱ्या माशांना गाथण म्हणता येत नाही. माझे मामा नदीतले मासे कल्ल्यांतून दोरी ओवून, ती बोटाला अडकवून घरी आणत, ती गाथण. मासे मेल्यावर आणि ओवल्यावरच गाथण होते. शाळामाऊलींच्या मुलांना जिवंत तारल्यांसाठी हा शब्द शिकवला, तर एक चूक काढून दुसरी घातल्यासारखे होईल.

कुळागर :
शिवाय म्हापशाच्या बाजारात गाथण कोण मागतो? तिथे वाटा असतो. बाई पाच-सहा बांगडे एकावर एक तिरके रचून ठेवते, एखादा बारका वर चढवते, आणि आपण वाट्याचा भाव विचारतो. समूहवाचक शब्दांच्या यादीत वाटा नसावा, याचे मला फार वाईट वाटते.

शुद्धमती :
‘वाटो’ कोकणी आहे. मराठीत वाटा म्हणजे हिस्सा.

माटोळी :
मालवण, रत्नागिरी आणि मुंबईच्या बाजारांतही कोलंबीचा वाटाच विकला जातो, आणि तिथे तो मराठीच असतो. एकच शब्द दोन भाषांत नांदतो म्हणून तो दोघींपैकी एकीच्या घरातून बाहेर काढायचा, हे मला मान्य नाही.

जुना मास्तर :
वाट्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. ‘बांगड्यांचा एक वाटा उरला आहे’ यात बांगडे सहा असले तरी ‘उरले आहेत’ असे कोणीही म्हणणार नाही. ‘थवा उडाला’, ‘कळप पांगला’, ‘घड पिकला’, इथेही एकवचनच. म्हणजे अर्थ पाहून अनेकवचन वापरण्याची मोकळीक मराठीने फक्त माणसांच्या समूहाला दिलेली दिसते. ब्रिटिश इंग्रजीतही ‘कमिटी’, ‘टीम’, ‘फॅमिली’ असे माणसांचे शब्दच मुख्यतः हे अनेकवचन घेतात.

अनुस्वार :
तसे असते तर ‘जमाव पांगले’ आणि ‘टोळी पळाल्या’ असेही ऐकू आले असते. ते येत नाही. माणसांचे असूनही हे शब्द एकवचनीच राहिले. मला वाटते की ‘मंडळी’ शब्दात आदर आहे, ‘जमाव’ आणि ‘टोळी’ यांत तो नाही, आणि ‘बाबा आले आहेत’ म्हणताना जे आदरार्थी अनेकवचन आपण वापरतो तेच ‘मंडळी’ला मिळाले आहे.

शुद्धमती :
मग बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणणारे गृहस्थ ‘मंडळी माहेरी गेली आहे’ म्हणतात की ‘गेली आहेत’? याचे उत्तर आधी द्यावे, नंतर आदराची उपपत्ती मांडावी.