रंकाळ्यावर फिरताना पुस्तकं ऐकायची आहेत, कानात काय घालू?

फुलेवाडीचे_मास्तर :
नमस्कार मंडळी. वय 63, हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. दिसतं छान, पण चार पानं वाचली की डोळे चुरचुरतात. म्हणून लेकीनं फोनवर पुस्तकं ऐकायचं ॲप घालून दिलं. तेव्हापासून सकाळी रंकाळ्याची एक फेरी आणि सोबत एखादं प्रकरण, असा नेम. गाणी मी ऐकत नाही. नुसतं बोलणं : पुस्तकं, जुनी व्याख्यानं, आकाशवाणीच्या बातम्या.

अडचण कानांची. लेकीनंच रबरी टोकाचे, कानात खोल बसणारे बड दिले होते. ते घालून चाललं की स्वतःची पावलं डोक्यात धपधप वाजतात, आत कुणी उखळात कांडतंय असं वाटतं. शिवाय माझे कान लहान. जांभई दिली तरी बड सैल होतो. डावा तर संध्यामठाच्या बाजूला घरंगळत पाण्यातच गेला. घरी येऊन म्हणालो, "कानातलं रंकाळ्यात पडलं." आमच्या सौभाग्यवतींनी आधी स्वतःचे कान चाचपले.

पण खरी भीती वेगळी आहे. मागच्या हंगामात फुलेवाडीच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन अगदी खांद्याजवळून गेला. ज्या ट्रॅक्टरचा टेप दोन गल्ल्या ऐकतात, तो मला ऐकू आला नाही. यावरून काय ते समजा.

तर बोलणं स्पष्ट ऐकू यावं, तासभर घालून कान दुखू नयेत आणि मागची गाडी कळावी. चष्मा आहे, थंडीत मफलर असतो. तीन हजारांच्या आत सांगा.

मंगळवारपेठ_77 :
सर, एवढा विचार करू नगा. नेकबँड घ्या, विषय संपला. गळ्यात असतोय, त्यामुळं कानातनं सुटला तरी रंकाळ्यात जात न्हाई. बटणं खरी असत्यात, दाबली की कळतंय. माझा दीड हजाराचा, दोन वर्षं झाली, तालमीतनं घाम गाळून येतोय तरी लई भारी चाललाय.

फुलेवाडीचे_मास्तर :
बाळा, नेकबँडलाही टोकं रबरीच ना? मग पावलांचं कांडण तेच. पण बटणांचं पटलं. माझ्या बडवर बोट लागलं की प्रकरण पुढं पळायचं, आणि पावसाचा थेंब पडला की आपोआप बंद. थेंबालासुद्धा ते बोटच समजतात.

कर्णयंत्रवाला :
मी श्रवणयंत्रं बसवण्याच्या कामात आहे, म्हणून पावलांचं आधी सांगतो. कानाची नळी मोकळी असली की आपल्या हाडांमधून आत आलेला आवाज तसाच बाहेर निसटतो. नळीला बूच बसलं की तो आतच कोंडतो, म्हणून पावलं, चावणं, स्वतःचं बोलणं सगळं घुमतं. दोन्ही कानांत बोटं घालून चार पावलं टाच आपटत चाला, लगेच कळेल. महागातला बड घेतला तरी रबर घट्ट बसलं की हे होणारच.

आता बोलण्याचं. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि जोरकस असतात, ते कसेही पोचतात. शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांवरून. त्यांतही स, श, फ, ख यांचा आवाज बारीक आणि वरच्या पट्टीतला. बस-ट्रकची घरघर खालच्या पट्टीत असते आणि खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. त्यात बाजारातले बहुतेक बड गाण्यांच्या दणक्यासाठी बनवलेले. तोच दणका तुमच्या पुस्तकवाचकाच्या आवाजावर गोधडी घालतो. जुना टेलिफोन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायचा, तरी आपण तासन्‌तास बोललोच की. म्हणून 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेला डबा खाली ठेवा. ॲपमध्ये किंवा फोनमध्ये इक्वलायझर (आवाजाच्या जाड-बारीक पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) असेल तर डावीकडची खालची पट्टी उतरवा आणि 2 ते 4 हजार हर्ट्झच्या आसपास थोडं चढवा. जुन्या व्याख्यानांना याचा फार उपयोग होतो. सभागृहाचा घुमारा आणि खोकले मात्र कशानंच जाणार नाहीत.

आणि रस्त्याच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, 90 डेसिबल मात्र फक्त 4 तास. वाढवलं दहानं, वेळ उरला एक दशांश.

सागरमाळची_सुमी :
काका, मी विद्यापीठाच्या आवारात रोज चालते. गेली दोन वर्षं हाडावरून ऐकवणारा हेडफोन वापरते, बोन कंडक्शन. कानासमोर गालाच्या हाडावर टेकतो, कान पूर्ण उघडा. मोर ओरडला तरी ऐकू येतो. गाण्यात मजा नाही, ठेका अगदी पोकळ वाटतो, पण बोलणं खणखणीत. आवाज फार वाढवला तर गालाला गुदगुल्या होतात, मग समजायचं की आता कमी करा. चष्म्याची काडी आणि हेडफोनची तार दोन्ही कानावर बसतात. आठवडाभर चिडचिड झाली, मग विसरले.

चांगल्या कंपनीचा तुमच्या बजेटबाहेर जाईल. स्वस्तातले घेताना सांभाळा. डब्यावर 'बोन कंडक्शन' लिहितात आणि आत कानाकडे तोंड केलेला साधा छोटा स्पीकर असतो. मीही पहिल्यांदा तसाच घेऊन फसले. दुकानात एकच करायचं : लावून दोन्ही कान बोटांनी बंद करा. आवाज वाढला, भरदार झाला, तर हाडाचा. दबला, तर साधा.

कर्णयंत्रवाला :
ही परीक्षा अगदी बरोबर आहे. फक्त साधा निघाला म्हणून वाईट असं नाही. कानाच्या तोंडाशी लटकणारे, नळीत न जाणारे 'ओपन इअर' बड आता बरेच मिळतात आणि मास्तरांच्या बजेटमध्ये बसतात. कानामागून आकडा असतो, त्यामुळं लहान कानाला उलट बरे. दोष एकच : कान उघडा, म्हणजे गोंगाटही उघडा. भर रहदारीत बोलणं ऐकू येणार नाही.

निवांत_कोल्हापुरी :
मला कळत नाही, रंकाळ्यावर जाऊन कानात काही घालायचंच कशाला? पाणी आहे, पक्षी आहेत, शालिनी पॅलेसच्या बाजूला ऊन काय सुंदर पडतं. तासभर गप्प चाला की. आमचे आजोबा गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन फिरायला जायचे, त्यांना कुठं पुस्तक लागलं?

फुलेवाडीचे_मास्तर :
तुमच्या आजोबांना मोतीबिंदूनंतर चार पानांत डोळे चुरचुरत नसतील, एवढंच म्हणतो. बाकी उन्हाबद्दल सहमत.

मंगळवारपेठ_77 :
सर, पावसाचं बी बघा. पाणी किती सोसतंय त्याचा आकडा लिहिलेला असतोय. आयपीएक्स 4 म्हंजे शिंतोडे चालतात. सात आकडा असला तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण चार्जिंगच्या डबीला हे लागू नसतंय बहुतेक वेळा. माझ्या भावानं वले बड तसंच डबीत ठेवलं, आतल्या पिना हिरव्या झाल्या, चार्जिंग बंद. पुसून ठेवायचं.

फुलेवाडीचे_मास्तर :
तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, निवांतरावांचेसुद्धा.

राजारामपुरीत दोन दुकानं फिरलो. पहिल्यानं पेटी उघडून दाखवायला नकार दिला. दुसऱ्याकडं नमुन्याचे होते. 'बोन' म्हणून दाखवलेल्यावर सुमीताईंची परीक्षा केली. दोन्ही कानांत बोटं घालून मी उभा, आवाज गायब. दुकानदार पोरगा हसायला लागला, म्हणाला, "काका, असं कुणी बघत न्हाई." शेवटी आकड्याचे उघडे बड घेतले, 2,400 रुपये, बटण दाबायचं.

पहिल्या दिवशी वाटलं पैसे गेले. फुलेवाडी नाक्यावर केएमटीची बस आणि वडापच्या जीपगाड्या, पुस्तकातलं एक वाक्य धड कळेना. सवयीनं आवाज वाढवत होतो, तेवढ्यात त्या 90 डेसिबलची आठवण झाली. मग ठरवलं, नाक्यापासून तळ्यापर्यंतच्या रस्त्यावर पुस्तक बंद. बड कानावर असतात, पण मुके. आत बागेकडं वळलो की बटण दाबायचं. पावलांचं कांडण पूर्ण थांबलं. मागून पळत येणाऱ्या पोरांचे बूटसुद्धा आता कळतात, मी आपोआप कडेला होतो.

इक्वलायझरचं सांगतो. डावीकडची पट्टी उतरवल्यावर वाचणारा माणूस सर्दीतून उठल्यासारखा वाटला. आधी 'शेत' आणि 'बेत' यांत गोंधळ व्हायचा, आता श नीट येतो. वेग मात्र 1 वरच ठेवतो. लेक सव्वापट ऐकते. मला ते वर्गातल्या घाईघाईनं पाठ म्हणणाऱ्या पोरासारखं लागतं.

आणखी एक, कुणीच सांगितलं नव्हतं. परवा एक मुलाखत ऐकत होतो. उजव्या बडची बॅटरी गेली आणि प्रश्न विचारणाराच गप्प झाला. उत्तरं तेवढी येताहेत! दोघांचे आवाज दोन बाजूंना भरलेले होते. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' असतं, ते चालू केलं की दोन्ही बाजू प्रत्येक कानात येतात. एकच बड घालणाऱ्यांनी आधी करून ठेवावं.

चष्म्याचाही क्रम सापडला. आधी आकडा, त्यावर चष्म्याची काडी. उलट केलं तर चष्मा पुसायला काढताना बडही हातात येतो.

मफलरचं तेवढं जमलेलं नाही. कानावरून घेतला की लोकर घासल्याचा खरखराट, आणि आकडा निसटतो. ताई, थंडीत तुम्ही काय करता?

सागरमाळची_सुमी :
मफलर गळ्यालाच ठेवते काका, आणि कपाळावरून रुंद पट्टी बांधते, फक्त कानाच्या वरच्या टोकापर्यंत. तरी फार गार असलं की अर्धा तास उशिरा निघते, सरळ.