बदलत्या वस्तीतला वन बीएचके, खिडकीसमोर बंद कारखाना. घ्यावा का?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. भाड्याने वन बीएचके बघतेय. एक पसंत पडलाय, पण हो म्हणायला मन धजत नाहीये.

इमारत जुनी, तीन मजली, घर सगळ्यात वरचं. खोल्या ऐसपैस आणि भाडं त्याच भागातल्या टॉवरपेक्षा बरंच कमी. बेडरूमची खिडकी एका बंद कारखान्यावर उघडते. गेटला गंजलेलं कुलूप, आत कमरेएवढं गवत. एजंट म्हणाला, "मॅडम, शांतता बघा!" शांतता आहे खरी. पण गल्लीच्या तोंडाशी दोन जुनी घरं पाडलीयत आणि सायकल दुरुस्तीवाल्याच्या गाळ्यात जिम आलीय.

माझी कायम रात्रपाळी, म्हणजे मी दिवसा झोपते. मालकांना दोन वर्षांचा करार हवाय आणि दुसऱ्या वर्षी भाडं "बाजारभावाप्रमाणे" वाढवायचंय. काय बघू, काय मागू?

साइटवरचा:
माझं पोट बांधकामावर चालतं, म्हणून स्पष्टच लिहितो. अशा गल्लीतली मोकळी जागा फार काळ मोकळी राहत नाही.

कुलपाकडे बघू नका, जमिनीकडे बघा. वितीएवढ्या रुंदीची गोल भोकं, सिमेंटने बुजवलेली किंवा पाइपचं तोंड वर आलेली दिसली, तर माती परीक्षण झालंय असं समजा. कोपऱ्यांत रंग लावलेल्या खुंट्या असतील तर मोजणीही उरकलीय. हौस म्हणून कोणी एवढा खर्च करत नाही.

सगळ्यात वाईट काळ पाडकामाचा आणि पायाचा. खडक लागला की ब्रेकर आलाच, आणि तो 15 मीटरवरूनही 85 डेसिबलच्या घरात ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची शिफारस केली, ती घराबाहेर सरासरी 40 डेसिबलची. तुमची 'रात्र' मात्र दिवसा असते. कामाच्या वेळांचे नियम शेजाऱ्यांना रात्री झोप मिळावी म्हणून असतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत ते नेमके उलटे पडणार. कानात बोळे घातले तर आवाज कमी होतो, पण पलंगातून येणारा हादरा त्यांनी थांबत नाही. पुढे स्लॅब पडले की सुटलो असं वाटतं, आणि मग फरशी कापणारं कटर सुरू होतं. त्याला तर आम्हीही वैतागतो.

जिन्यातली_मावशी:
अगं, आवाजाचं नंतर, आधी शॉवर सोडून बघ. वरच्या मजल्याला हवा मिळते, पाण्याचा जोर नाही. 10 मीटर उंचीचं पाणी साधारण एक बार दाब देतं. तुझी टाकी डोक्यावर दोन-तीन मीटरवर, म्हणजे पाव बार मिळाला तरी पुष्कळ. एवढ्यावर गॅसचे बरेच गीझर पेटतच नाहीत. शॉवरसाठी पंप बसवलाय का विचार.

छताकडेही नीट बघ. सगळं छत मळकं आणि एकाच कोपऱ्यात ताजा पांढरा रंग असेल तर गळती त्याच्याखाली लपलीय. आणि खालच्या भाडेकरूंना गाठ, एजंट सोबत नको. मालक दुरुस्तीला पैसे घालतो का, एवढंच विचार. हात आखडता घेत असेल तर त्यालाही इमारत पाडायचीच असेल.

दोन्हीकडचा:
मी एक घर भाड्याने दिलंय आणि स्वतः भाड्याच्या घरात राहतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची रडगाणी पाठ आहेत.

"बाजारभावाप्रमाणे" हे कलम काढायलाच लावा. वस्ती बदलतेय तिथे बाजारभाव म्हणजे शेजारच्या टॉवरचं भाडं. टक्केवारी आकड्यात लिहून घ्या. दोन वर्षांना हो म्हणा, पण तुम्हाला एका महिन्याच्या नोटिशीवर निघता आलं पाहिजे आणि मालकांची नोटीस त्याहून मोठी हवी. लगतच्या जागेवर बांधकाम सुरू झालं तर डिपॉझिट न कापता घर सोडता येईल, हे वेगळं वाक्य टाकून घ्या. इमारत विकली तर डिपॉझिटची जबाबदारी नव्या मालकावर जाईल, हेही लिहून घ्या. तोंडी आश्वासनं एजंटाच्या कमिशनबरोबर संपतात.

रात्रपाळी:
बघून आले. भोकं आहेत, कुंपणालगत, बुजवलेली. मालकांना विचारलं तर म्हणाले, "असेल काहीतरी." शॉवरला पंप आहे, छत बरं आहे. तळमजल्यावरच्या आजोबांच्या मते मालक चिकट आहे, पण गळती लगेच काढतो.

टक्केवारी लिहून द्यायला ते तयार आहेत, बांधकामाच्या वाक्यावर अडलेत. ते मिळालं तरच घर घेईन, आणि पलंग हॉलमध्ये टाकेन. हॉल मागच्या बाजूला आहे, तिकडे फक्त दुसऱ्या इमारतीची आंधळी भिंत.

साइटवरचा:
वाक्यावरून मागे हटू नका. आणि पलंग टाकण्याआधी टाकीला जाणारा पाइप हॉलच्या कुठल्या भिंतीलगत वर गेलाय ते बघा. खालचा पंप सुरू झाला की ती भिंत घुमते, आणि पंप बहुतेक सकाळीच लावतात.