आई-बाबांना डिसेंबरात स्टॉकहोमला बोलवावं का?

मेलारकाठ:
सप्टेंबर उजाडला की इथल्या मराठी घरांत एकच बेत शिजतो: पोरांना नाताळची सुट्टी आहे, आजी-आजोबांना बोलवू. माझं स्पष्ट मत, पहिल्यांदाच येणार असतील तर डिसेंबर नको. शेंगेन व्हिसावर (स्वीडनसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) 180 दिवसांत 90च दिवस राहता येतं, ते मे-जूनला द्या.

21 डिसेंबरच्या सुमारास इथे सूर्य पावणेनऊला उगवतो, पावणेतीनला मावळतो, तोही बहुतेकदा ढगाआड. पुण्यात तेव्हा दिवस 11 तासांचा असतो. तिकडे आईची सकाळी टेकडी, भाजीवालीशी घासाघीस, संध्याकाळी देवळात मैत्रिणी. इथे आम्ही आठला बाहेर पडतो आणि ती दोघं दिवसभर तीन खोल्यांत. मागच्या वेळी बाबा दुपारभर झोपायचे आणि रात्री टक्क जागे. आई ताटात अर्धी पोळी ठेवून उठायची, विचारलं की "भूकच नाही रे". करमत नाहीये, होईल सवय, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण झोप, भूक आणि बोलणं तिन्ही एकदम बिघडलं, तर तिकडे लक्ष द्यायलाच हवं.

सांजवात:
मला नाही पटत. जूनमध्ये दिवस 18 तासांचा, माझे सासरे रात्री अकराला खिडकीवर चादर बांधत होते. जुलैत इथले शेजारीपाजारी गावाला गेलेले, मग माणसं कुठे भेटतात?

आणि विचार फक्त म्हाताऱ्यांचाच का? नोव्हेंबरपासून माझी नववीतली मुलगी शाळेतून आली की खोलीचं दार लावून घेते. आजी आली की तीच पोरगी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून थालीपीठ थापते, रात्री झब्बू खेळते. तिकडे पुण्यात दोघंच फ्लॅटमध्ये, फोनची वाट बघत. नुसत्या उन्हाने एकटेपण जातं का?

उंबरठा:
सांजवात, आजीमुळे घर बोलतं होतं हे खरं. पण त्या सुट्टीत सहा माणसांचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, पथ्यपाणी कोण बघतं? नवरा म्हणतो, "आईला जरा वेळ दे." मलाही त्याच अंधारात राहायचं असतं, माझीही झोप उडते. बोलवा, जरूर बोलवा, पण तिकीट काढण्याआधी कामं वाटून घ्या. सासूबाईंनाही रोजचं एखादं काम हवंच असतं, पाहुणीसारखं बसवून ठेवलं की त्या जास्त खचतात.

दक्षिणायन:
हिवाळ्याबरोबर येणारं नैराश्य हा लाड नव्हे. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी 1984 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यावर 10,000 लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिवा सकाळी उठल्यावर साधारण अर्धा तास वापरतात. डोळ्यांच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा मानसिक आजार) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शिवाय दुपारी बाराला बूट चढवून बाहेर न्या. ढगाळ आभाळाचा उजेडही दिवाणखान्यातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

आधीपासून नैराश्याची गोळी चालू असेल तर ती पुरेशी आणा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. व्हिसासाठीचा विमा तातडीच्या उपचारांपुरता असतो. सल्ल्यासाठी इथे 1177 हा आरोग्यसल्ल्याचा फोन, तिकडे भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416.

मेलारकाठ:
दिवा ठीक. पण बाराला बाहेर नेणार कोण? आपण तेव्हा ऑफिसात. निसरड्या बर्फावर सत्तरीच्या माणसाला एकटं सोडता येत नाही. सुट्टी दोन आठवड्यांची, त्यांचा मुक्काम तीन महिन्यांचा. जानेवारी-फेब्रुवारीचं काय?

सांजवात:
मग तीन महिने कशाला? 20 डिसेंबरला आणा, 10 जानेवारीला परत पाठवा. संक्रांत त्यांना त्यांच्या मैत्रिणींत करू दे.

मेलारकाठ:
तीन आठवड्यांसाठी तिकिटाचा एवढा खर्च आई कधीच मान्य करणार नाही. पण हे तिलाच विचारायला हवं. आम्ही भावंडंच आपसात ठरवत बसलोय.